पाय न टेकता आंबेबारी

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे घोळ नको. मी आंबेबारीचा घाट सायकलवरून चढले. पायथ्यापासून माथ्यापर्यंत, पाय न टेकता. हे सुरुवातीलाच सांगायचं कारण असं, की धुळ्यात ज्यांना ज्यांना मी ही हकिगत सांगायला बसले, ते सगळे बकऱ्यांचा विषय निघाला की हसत सुटतात आणि घाट बाजूलाच राहतो. तेव्हा आधी घाट. बकऱ्या त्यांच्या वेळेवर येतील.

मी धुळ्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. पांझरा नदी मी फळ्यावर निळ्या खडूने इतक्यांदा काढली आहे, की डोळे मिटूनही तिची वळणं जमतात. पश्चिमेच्या डोंगरात उगम, पिंपळनेर, साक्री, धुळे आणि मग उत्तरेला तापी. पण धुळ्यात पुलावरून जी पांझरा दिसते, ती एकदा पाहिलेला माणूस दुसऱ्यांदा पुलावर थांबत नाही. नदी वर, झाडांत, लहानपणी कशी दिसत असेल, हे पाहायची मला फार दिवसांची हौस. आणि घरात सायकल होती. मुलगी नोकरीला बेंगळुरूला गेली तेव्हा तिची ती वाकड्या हँडलची, बारीक टायरांची सायकल गॅलरीत राहिली होती आणि आम्ही तिच्यावर टॉवेल वाळत घालत होतो. एके दिवशी टॉवेल काढले आणि मी तिच्यावर बसले.

वर्षभर मी रोज सकाळी नकाणे तलावापर्यंत जाऊन येत होते. कॉलनीने ही गोष्ट खूप मायेने घेतली. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी विचारलं, "स्कूटर बिघडली का मॅडम?" दुसऱ्या आठवड्यात, "अजून दुरुस्त नाही झाली?" त्यानंतर मात्र विचारणं बंद झालं आणि लोक माझ्या नवऱ्याकडे, म्हणजे ईश्वरकडे, सहानुभूतीने बघायला लागले. एकीने तर त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊ, या वयात बायकांचं असं होतं. बोलून मोकळं होऊ द्या तिला."

पांझरेच्या खोऱ्यातून आंबेबारीपर्यंत सायकलने जायचं हे मी फक्त ईश्वरना सांगितलं होतं. बारी म्हणजे आमच्याकडे खिंड. पिंपळनेरच्या पुढे नदीकाठचा रस्ता जंगलात शिरतो आणि वळणं घेत घेत या खिंडीत चढतो. रविवारी सकाळी निघायचं, संध्याकाळी घरी. इतकी साधी गोष्ट. ईश्वर पाटबंधारे खात्यात आहेत. खात्यात त्यांच्या पोटातून शब्द निघत नाही म्हणून त्यांचं नाव आहे. घराबाहेर पडल्यावर त्यांनी ही बातमी पहिल्या भेटलेल्या माणसाला सांगितली, आणि तो माणूस नेमका रतिलालनाना निघाला.

रतिलालनाना आमच्या कॉलनीचे अध्यक्ष. नोकरीभर त्यांनी एसटी स्टँडवर कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागेल हे ठरवलं. निवृत्त झाल्यावर फलाट गेले, सवय राहिली. कुणी कुठे निघालं की नानांना ते एकट्याने जाणं म्हणजे रिकामी गाडी सोडल्यासारखं वाटतं. संध्याकाळपर्यंत माझ्या फोनवर 'पांझरा सायकल मोहीम' नावाचा ग्रुप उघडला होता आणि त्यात मला कळवण्यात आलं होतं, की मी या मोहिमेत सहभागी होत आहे.

ग्रुप भराभर वाढला. त्यातल्या बहुतेकांकडे सायकल नव्हती, पण मतं होती. टी-शर्ट भगवा की हिरवा यावर चार दिवस चर्चा चालली आणि शेवटी पोपटीवर तडजोड झाली. मग सल्ले सुरू झाले. एकाने सांगितलं, जंगलात बिबट्या आहे, सायकलला मागे आरसा लावा. मागून बिबट्या येतोय हे आरशात पाहून मी काय करायचं, हे त्याने सांगितलं नाही. दुसऱ्याने गुडघ्याला एरंडेल चोळायला सांगितलं, तिसऱ्याने प्यायला. खिशात कांदा ठेवा, ऊन बाधत नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

"कांदा मी ठेवणार नाही," कुसुमलताभाभी म्हणाल्या.

कुसुमलताभाभी आमच्या समोरच्या. त्यांचं भांड्यांचं मोठं दुकान आहे. घर जैन, त्यामुळे कांदा खाणं सोडा, खिशात घेऊन फिरायलाही त्यांची तयारी नव्हती. पण या वाक्यातली खरी बातमी वेगळीच होती. भाभी येणार होत्या! मुलगा श्रेयांस याने हौसेने घेतलेली गिअरची सायकल दोन दिवस चालवून भिंतीला टेकवली होती, ती त्यांनी पुसून काढली.

"भाभी, घाट आहे," मी म्हटलं. "जमेल?"

"मॅडम, आत्ताच पर्युषणात आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहिले. मला घाटाचं काय सांगता?"

मी सायकलींच्या हवेचं बोलायला लागले. 

खरी ठिणगी पडली ती कॉलनीच्या बैठकीत. नानांनी नियोजन वाचून दाखवलं. पिंपळनेरला झेंडा, वाटेत अल्पोपाहार, घाटाच्या पायथ्याशी मॅडमना आणि सायकलला टेम्पोत चढवणे, माथ्याच्या अलीकडे उतरवणे, मग सत्कार.

"टेम्पोत का?" मी विचारलं.

"अहो मॅडम, फोटोत काय दिसणार आहे?" नाना मायेने म्हणाले. "घाट काय आपल्याला चढायचाय थोडाच?"

बैठक हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. तेच जास्त लागलं. मी उभी राहिले आणि वर्गात मागच्या बाकाला ऐकू जातो त्या आवाजात म्हणाले, "मी घाट चढणार आहे. आणि वाटेत एकदाही पाय टेकणार नाही."

 ईश्वरना ठसका लागला. भाभींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवायचा की नाही याचा विचार करून शेवटी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

आता माघार नव्हती. पण परवानगीही नव्हती. जंगलातून जायचं तर वनखात्याचं पत्र लागतं, असं नानांनी काढलं. मी म्हटलं, रस्ता सार्वजनिक आहे, त्यावरून एसटी जाते. "एसटीची गोष्ट वेगळी," नाना दुखावून म्हणाले. म्हणून मी एका कार्यालयात गेले. कुठलं ते सांगत नाही, तिथला चहा चांगला होता.

टेबलामागचे साहेब सज्जन होते. त्यांनी जुनी पत्रं चाळून पाहिली. जळाऊ लाकूड नेण्याची परवानगी होती, मध गोळा करण्याची होती, लग्नाआधीचे फोटो काढण्याची होती. बाईने सायकल चालवण्याची नव्हती.

"तुम्ही रस्ता सोडून आत शिरणार का?"

"नाही. रस्त्यावरूनच."

"मग रस्ता बांधकाम खात्याचा. आमचा संबंध नाही." मी उठायला लागले, तर त्यांना एकदम सुचलं. "पण सावलीतून जाणार ना?"

"ऊन असेल तर जाणारच."

"सावली झाडांची. झाडं आमची," साहेब चिंतेने म्हणाले. "आणि नदीकाठ म्हणजे पाटबंधारे."

नदीची परवानगी मला घरातच मिळाली, चहाबरोबर. सावलीची मात्र तीन खेपांनंतर मिळाली. पत्रात लिहिलं होतं, "सदर महिलेस सायकल चालविण्यास या कार्यालयाची हरकत नाही." पन्नाशी ओलांडलेल्या बाईला हे वाचून काय वाटतं, ते सांगून समजणार नाही. मी आठवीत असताना वडिलांना विचारलं होतं, तेव्हा त्यांचीही हरकत नव्हती आणि त्यांना शिक्का लागला नव्हता.

ठरलेला रविवार पितृपक्षात येत होता. "पितृपक्षात नवीन काम?" असं कुणीतरी कुजबुजलं होतं, पण मी लक्ष दिलं नाही. मग शनिवारी संध्याकाळी ग्रुपवर एकामागून एक निरोप यायला लागले. कुणाच्या आजोबांची तिथी, कुणाच्या काकांची. पोपटी टी-शर्ट घेतलेल्या एकूण एक सायकलस्वारांचे पूर्वज नेमके त्याच रविवारी जेवायला येणार होते. भाभींकडे हा प्रकार पाळत नाहीत. म्हणून मोहिमेत उरलो आम्ही दोघी, टेम्पो, टेम्पोत नाना, ईश्वर, तीन हारवाले कार्यकर्ते आणि नानांचा भोंगा.

सायकली टेम्पोत घालून आम्ही पिंपळनेरला पोचलो. तिथे झेंडा दाखवायला एक पाहुणे येणार होते. निवडणूक जाहीर झालेली नव्हती, तरी ते तिच्या तयारीत होते. उशिरा आले, आल्यावर म्हणाले, "मीही थोडी चालवतो." माझ्याच सायकलवर बसले. फोटो निघाले. त्यांनी दिसेल तो खटका दाबला, चेन उतरली आणि ते सायकलसकट आमच्या बॅनरला टेकले. दुसऱ्या दिवशी एका पेपरात त्यांचा फोटो आला, 'पांझरा खोऱ्यात सायकल भरारी'. त्यात उजव्या कडेला एक काळा, तेलकट हात दिसतो. तो माझा. चेन बसवणारा.

पण निघालो, आणि निघालो ते छान निघालो. पिंपळनेर मागे पडलं, मक्याची शेतं आली. गार हवा तोंडावर येत होती. मागून नाना भोंग्यातून ओरडत होते, "डावी बाजू घ्या! समोरून बैलगाडी आहे! बैलगाडीवाले, सायकली येत आहेत!" शेतातली माणसं कमरेवर हात ठेवून आमच्याकडे पाहत होती. भाभींनी प्रत्येकाला हात केला. मी नाही केला. माझं सगळं लक्ष पाठ ताठ ठेवण्याकडे होतं.

नदीवरचा फरशी पूल आला तेव्हा भोंगा एकदम थांबला. पुलावरून पाणी वाहत होतं. फार नाही, घोट्याच्या थोडं वर, पण टेम्पोवाल्याने मान हलवली. पलीकडून एक माणूस बैल घेऊन सहज चालत आला, म्हणजे पाय ठेवायला जागा घट्ट होती. आम्ही दोघींनी सायकली खांद्याला लावल्या, एकमेकींचे दंड धरले आणि पाण्यात उतरलो. हे पाय टेकणं धरायचं का, असा प्रश्न नंतर नानांनी काढला होता. घाट पुढे सुरू होतो, त्यामुळे नाही. मी हे त्यांना नकाशा काढून पटवलं आहे.

मधोमध गेल्यावर मी खाली पाहिलं. पाणी इतकं स्वच्छ होतं, की तळातले गोटे मोजता आले असते. माझ्या बोटांमधून पांझरा चालली होती. इतकी वर्षं मी जिला खडूने काढत आले ती. डोळ्यांत पाणी आलं, पण दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे पुसता आलं नाही.

पलीकडे पोचल्यावर वळून पाहिलं तर टेम्पो वळत होता. नाना टपावरून ओरडले, "आम्ही मोठ्या रस्त्याने वर येतो! माथ्यावर भेटू!" टेम्पो दिसेनासा झाला आणि मग भाभी शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, पाणी टेम्पोत. डबे टेम्पोत. तुमची पान्यांची पिशवी?"

"टेम्पोत."

"आणि सावलीचं पत्र?"

तेही.

थोड्या अंतरावर वनखात्याचं फाटक होतं, आडवा बांबू टाकलेलं. चौकीतून वनरक्षक बाहेर आले. छातीवर चैत्राम असं नाव. पत्र टेम्पोत आहे हे मी त्यांना सांगायला लागले तर त्यांनी हात हलवला. "पत्राचं काही नाही हो. गाडीचा नंबर सांगा."

"सायकलला नंबर नसतो."

"मग पंचाईत आहे," ते खरोखर विचारात पडले. "नंबर लिहिल्याशिवाय मला फाटक वर करता येत नाही." आम्ही तिघं बांबूकडे बघत उभे राहिलो. मग त्यांनी बांबूच्या टोकाकडे बोट केलं. तिथे चांगली रुंद पायवाट होती. "तिकडून या ना. सगळे तिकडूनच येतात."

आणि मग जंगल. यावर मी फार बोलत नाही, कारण बोलायला लागले की माझा तास सुरू होतो, असं घरचे म्हणतात. पण दोन्ही बाजूंनी साग, सागाला पांढरा मोहर, खाली डाव्या हाताला नदीचा आवाज, आणि रस्ता असा वळत होता की पुढचं वळण आल्याशिवाय त्याच्या पुढचं दिसत नव्हतं. सायकलचा आवाज सोडला तर कुणी नाही. भाभी हळू आवाजात स्तवन म्हणत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "मॅडम, इतकी वर्षं आपण रविवारी काय करत होतो हो?"

मी उत्तर देणार तेवढ्यात त्यांच्या मागच्या चाकातून फुस्स झालं.

जवळच पाच-सहा घरांचा पाडा होता. पहिल्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. बेबाबाई. तिने माझ्या सायकलला खालून वर निरखलं आणि गालाला हात लावला. "माय वं! कितली बारीक चाकं शेतस! सायकल उपाशी शे का?"

नवी ट्यूब आणि छोटा पंप भाभींच्या सीटखालच्या पिशवीत निघाला. श्रेयांसने दुकानदाराच्या सांगण्यावरून घेऊन ठेवलेला, पुडकंही न फोडलेला. पण टायर रिंगमधून उचकटायच्या पट्ट्या टेम्पोत, आणि ट्यूब बदलणं मी आजवर फक्त मोबाइलवर पाहिलेलं. मोबाइलला तिथे रेंज नव्हती. मी बेबाबाईकडे दोन उलथणी मागितली. तिने दिली. एकाला सकाळचं पीठ चिकटलेलं होतं.

त्यानंतरचा वेळ माझ्या आयुष्यातला सर्वांत कष्टाचा सार्वजनिक कार्यक्रम होता. सगळा पाडा जमला. प्रत्येकाने सल्ला दिला. "आठेथीन घाला!" एक या टोकाला बोट लावून म्हणाला. "नही, तथाईन!" दुसरा त्या टोकाला बोट लावून म्हणाला. धुळ्यातून मी जे सोडून आले होते ते इथे माझी वाट बघत उभं होतं, फक्त बोली वेगळी. टायर एका बाजूने आत बसवलं की दुसऱ्या बाजूने बाहेर यायचं. घाम नाकावरून ट्यूबवर पडत होता. भाभी दरम्यान सगळ्यांना कमरेच्या पिशवीतले खाकरे वाटत होत्या आणि बेबाबाई त्यांना शेंगा देत होती, म्हणजे माझ्या डोक्याशी चक्क सोहळा चालला होता. एकदाचं टायर बसलं. मी पंप मारला. चाक टणक झालं. पाड्याने टाळ्या वाजवल्या, आणि तुम्हाला सांगते, मला कॉलेजात आदर्श शिक्षिकेचा नारळ मिळाला तेव्हा इतकं छान वाटलं नव्हतं.

बेबाबाईने आम्हाला तांब्याभर पाणी दिलं. भाभींनी ते आधी उकळून घेतलं, त्यांच्या नेमाप्रमाणे, आणि बेबाबाईने एका शब्दाने का असं विचारलं नाही. चुलीवर पातेलं ठेवून दिलं.

आणि मग आंबेबारी सुरू झाली.

पहिली दोन वळणं मी गाणं म्हणू शकेन अशी चढले. तिसऱ्याला गाणं बंद झालं. चौथ्याला सगळ्यांत हलका गिअर लागला आणि त्याच्यापुढे गिअर उरले नाहीत, चढ उरला. मांड्या पेटल्या होत्या. छातीत कुणीतरी कणिक तिंबत होतं. मागे भाभी केव्हा उतरून चालायला लागल्या ते कळलंही नाही. त्या मात्र अगदी प्रसन्न होत्या. "तुम्ही व्हा पुढे!" त्यांचा आवाज खालच्या वळणावरून आला. "मी काही शब्द दिलेला नाही!"

मधून मधून नदीच्या या बाजूच्या पाड्यांवरून माथ्यावरच्या आठवडी बाजाराला जाणाऱ्या जीपा जायच्या. टपापर्यंत माणसं. एक जीप माझ्या शेजारी हळू झाली. "ताई, सायकल वर टाका! बसा!" जागा नव्हती, तरी लोकांनी सरकून केली. मला त्या जागेचा इतका मोह झाला की काय सांगू. एका पायाच्या अंतरावर होती. मी मान हलवली, कारण बोलले असते तर श्वास गेला असता. जीपमधली एक बाई म्हणाली, "नवस असेल." आणि जीप गेली.

शेवटची दोन वळणं राहिली असताना समोर बकऱ्या आल्या.

आल्या म्हणजे होत्याच. सगळा रस्ता भरून, आरामात, बाजाराच्या दिशेने वर चालल्या होत्या. मध्ये एक बाई, हिरवं लुगडं, काखेत लहान करडू. माझा वेग तेव्हा बकऱ्यांइतकाच होता, पण बकऱ्या थांबतात आणि सायकल थांबली की पडते. उतरायचं नाही. पडायचंही नाही. मी रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी फिरायला लागले. डावीकडे जायचं, वळायचं, उजवीकडे जायचं, वळायचं. त्यात एक काळी बकरी झुडपाकडे वळली आणि मी घाबरून घंटी वाजवली. बकरी दचकली आणि सरळ कळपात पळाली.

त्या बाईने मागे वळून पाहिलं. तिला वाटलं, मी मदत करतेय.

"हां! आशी!" ती खूश होऊन ओरडली. "ताई, त्या तांबडीले बी हाकला!"

मी तांबडीला हाकललं. दुसरं करणार काय? उजवीकडून एक निसटली, तिला हाकललं. घंटी वाजवत, एका कडेवरून दुसऱ्या कडेला, मी तो कळप घेऊन वर चढत होते, आणि गंमत अशी, की नागमोडी चढताना चढ सोपा लागतो. हे मी वर्गात घाटरस्त्यांच्या धड्यात शिकवते. मांड्यांना ते त्या दिवशी समजलं. ती बाई पुढून बोलत होती. तिचं नाव रुपली, खालच्या पाड्याची, बाजाराला एकटीच निघालेली. मी मागून फक्त घंटीने उत्तर देत होते. शेवटचं वळण संपलं, झाडं बाजूला झाली, वारा आला, आणि रस्ता सपाट झाला.

माथा! मी माथ्यावर होते.

समोर बाजाराची गर्दी आणि गर्दीच्या अलीकडे आमचा टेम्पो. नाना, तिघे कार्यकर्ते, हार आणि बॅनर, सगळे आमच्याकडे पाठ करून मोठ्या रस्त्याकडे डोळे लावून उभे. टेम्पो तिकडून आला, म्हणजे सायकलीही तिकडूनच येणार, असं त्यांनी धरलं होतं. मी बकऱ्यांसकट त्यांच्या पाठीमागून आले. एका बकरीने बॅनरचं टोक तोंडात घेतलं तेव्हा त्यांना आमचं आगमन समजलं.

ईश्वरनी मला आधी पाहिलं. ते धावत आले. पन्नाशीनंतर मी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं. "उतर, उतर आता!"

"उतरता येत नाहीये," मी म्हणाले. ते खरं होतं. पाय माझं ऐकत नव्हते. त्यांनी सायकल धरली, मला दंडाला धरलं आणि खाली घेतलं. मी पाय टेकले. दोन्ही. जमीन हलत होती.

"टेकला नाहीस ना वाटेत?" त्यांनी कानाशी विचारलं. मी मान हलवली.  ते रुमाल काढून माझ्या हाताचं तेल पुसत राहिले, सगळ्यांसमोर.

नाना मात्र नियमाचे पक्के. "मॅडम, तुमच्यावर विश्वास आहे," ते म्हणाले, "पण साक्षीदार कोण?"

"मी देखं ना!" रुपली करडू खाली ठेवत म्हणाली. "बठ्ठी वाट देखं. बाईनी पाय ठेवाच नही. माले वाटनं, बाईले उतरताच येत नही!"

तिची 'बठ्ठी', म्हणजे सगळी, वाट शेवटच्या दोन वळणांचीच होती, पण ते कुणी विचारलं नाही; हसले सगळे. नानाही. पण मग त्यांनी भोंगा हळूच टेम्पोत ठेवून दिला, माझ्यासमोर आले आणि दोन्ही हात जोडले.  नाना आणि भोंग्याशिवाय! थोड्या वेळाने भाभीही आल्या. चढ सरल्यावर पुन्हा सायकलवर बसून, जीपमधल्या बायकांच्या टाळ्या घेत, लाल तोंडाने. त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं, "मी चारदा उतरले आणि चारही ठिकाणं सुंदर होती."

सत्कार झाला. शाल झाली, नारळ झाला. बॅनरवर माझं नाव 'रोहिणीताई' ऐवजी 'रोहिणीमाता' छापलं होतं आणि त्यातला 'माता' बकरीने खाल्ला होता, ते बरंच झालं. नानांनी भाषण केलं. खाली झाडांमधून पांझरा चमकत होती, अगदी बारीक, मी फळ्यावर काढते त्यापेक्षाही बारीक, आणि मी भाषणाऐवजी तिच्याकडेच पाहत होते.

भाषण संपायची वाट बघत रुपली गर्दीच्या कडेला उभी होती. तिचं बाजाराचं काम आटोपलं होतं. काखेतलं करडू मात्र तसंच होतं, ते विकायचं नव्हतं म्हणे. ती पुढे आली. शालीकडे तिने पाहिलंही नाही.

"ताई," ती म्हणाली, "पुढला आइतवारले येशात का? तुमनी घंटीले भिईसन बकऱ्या कश्या सरय चालन्यात! एकलीले माले फार तरास व्हस."

आजूबाजूला माणसं उभी होती. ईश्वर, नाना, हारवाले. वीसेक वर्षं मी फळ्यासमोर प्रमाण भाषेत बोलते, घरीही, स्वप्नातही. मी तिला 'येईन' म्हणायला तोंड उघडलं, आणि आईच्या घरचा शब्द आपोआप बाहेर आला.

"येसू," मी म्हटलं.

आणि पुढच्या रविवारी गेले.